प्रकरण एकोणिसावे, भांडणासकट

दायामी तीन वर्षांनी माहेरी आली ती तीन बॅगा घेऊन. साबण, कॉफी, तापाच्या गोळ्या, शेजारणींनी मागवलेल्या ब्रा, सगळं पलंगावर पसरून झालं आणि मग तिने सगळ्यात लहान डबा काढून आईच्या मांडीवर ठेवला. स्वतः हात मागे बांधून समोर उभी राहिली, शाळेतून चित्र काढून आणायची तेव्हा उभी राहायची तशी.

"उघड ना, आई."

ओडालिसने उघडला. आत आयफोन होता, काळाभोर, नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.

"बाई बाई बाई," शेजारची एलोइना दारातूनच म्हणाली. ती आपल्या ब्रा न्यायला आली होती, त्या काखेत मारून सरळ आत शिरली. "आता काय, वाचकबाई आमच्याशी बोलायच्या नाहीत."

"तू मध्ये श्वास घेतलास तर बोलेन की," ओडालिस म्हणाली आणि तिने लेकीला जवळ ओढून तिचा मुका घेतला. फोन चांगलाच होता. नाही कोण म्हणतंय?

तिचा स्वतःचा फोन टेबलावर पडला होता. अँड्रॉइड, कुठल्याशा चिनी कंपनीचा, एक कोपरा फुटलेला, पाठ सुटू नये म्हणून रबर बँड लावलेला. त्याच्या कॅमेऱ्याच्या काचेवर असा काही ओरखडा होता की समुद्रापलीकडच्या हायालिआहून नात लिआनी व्हिडिओ कॉल करायची तेव्हा तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आजी, तू आजपण धुक्यात बसलीयेस." धुकं! कामाहुआनीत, त्या रणरणत्या उन्हात! पण पोरीला तिकडून तसंच दिसायचं, आणि बॅटरी तर "बरं का गं सोन्या" म्हणेपर्यंत मान टाकायची.

"आता आपण सगळे एकाच गोतावळ्यात," दायामी म्हणाली. "मी, ओस्मानी, लिआनी आणि तू. तू फोटो काढलास की तो आम्हाला तिकडे दिसणार. तू कुठे आहेस ते मला नकाशावर दिसणार. लिआनीला तुझ्या सुरकुत्या मोजता येतील. तो जुना देऊन टाक कुणाला तरी."

ओडालिस हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिने कॉफी ठेवली.

तो जुना फोन सोडायचा म्हणजे काय सोडायचं, हे खरं तर दायामीला न सांगता कळायला हवं होतं. तिचं अर्धं बालपण सिगारच्या कारखान्याच्या दारात गेलं होतं आणि तिची आई तिथली वाचकबाई होती. माणसं ओळीने बसून तंबाखूची पानं वळणार आणि एक जण उंच खुर्चीवर बसून त्यांना वाचून दाखवणार, सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. वाचक कोण, हे साहेब ठरवत नाहीत. वळणारे मतं देऊन ठरवतात. ओडालिस निवडून आली तेव्हा तिच्यासमोर एक शाळामास्तर उभा होता. तो वाक्याचा शेवट गिळायचा, म्हणून पडला. वाचलेलं आवडलं की माणसं पानं कापायची पाती टेबलावर बडवायची, खण खण खण, आणि नाही आवडलं तर तीच पाती जमिनीवर टाकायची. ओडालिसच्या सगळ्या कारकिर्दीत पाती जमिनीवर पडली ती एकदाच, आणि ती कादंबरीच तसल्या लायकीची होती.

निवृत्त झाल्यावर काही दिवस ती गप्प बसून राहिली. मग एका संध्याकाळी लाइट गेलेले असताना एलोइना म्हणाली, "काहीतरी वाच गं, नाहीतर मला नवऱ्याशी बोलावं लागेल." ओडालिसने मेणबत्ती लावली, फोन समोर ठेवला, आणि वाचता वाचता ते त्यात भरूनही घेतलं. तेव्हापासून रोज एक प्रकरण. सध्या चालली होती ती कव्हर हरवलेली एक जाडजूड कादंबरी. कप्तान मरतो आणि त्याची विधवा स्वतःच जहाज घेऊन निघते, तिची गोष्ट. घरात शांतता म्हणाल तर ती न्हाणीघरातच. ओडालिस तिथे बादली पालथी घालून बसायची आणि प्रकरण वाचून फोनमध्ये भरायची. सकाळी पडवीत माणसं यायची. फोनाजवळ फोन आणायचा, दोन्हीकडे ते हातोहात द्यायचं अ‍ॅप उघडायचं, की प्रकरण इकडून तिकडे. नेट नको, कार्ड नको, कुणाला विचारणं नको. अ‍ॅपसुद्धा असंच एकाने दुसऱ्याला दिलेलं. एलोइनाकडून ते तिच्या भावाकडे जायचं, भावाकडून कारखान्यात, कारखान्यातून तंबाखूच्या शेतांवर, आणि म्हातारा सेवेरिनो एक प्रत रेमेदिओसला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला द्यायचा. एकदा ओडालिस सांता क्लाराच्या दवाखान्यात बसली होती, तर पलीकडच्या बाकावरच्या माणसाच्या खिशातून तिचाच आवाज येत होता. तिने त्याला काही सांगितलं नाही. नुसती ऐकत बसली, आणि आपण "विधवा" या शब्दावर जरा जास्तच जोर देतो, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत माणसं जमली तेव्हा दायामी मोठ्या उत्साहाने नवा फोन घेऊन बाहेर आली. आईचं प्रकरण तिने स्वतःचं नेट खर्च करून त्यात घेऊन ठेवलं होतं.

"आजपासून आई ह्याच्यातून देणार," तिने जाहीर केलं.

सगळ्यांनी आपापले फोन पुढे केले. नवा फोन त्यांच्याकडे पाहून गप्प बसला.

"काय म्हणतोय तो?" सेवेरिनोने विचारलं.

"तो... म्हणजे त्याचं असं आहे काका, तो त्याच्यासारख्याच फोनला असं जवळून देतो."

"म्हणजे जातभाईलाच हात देणारा," एलोइना म्हणाली. "माझी सासू अशीच होती."

पडवीतले सगळे फोन अँड्रॉइड होते. गावात आयफोनवाली माणसं होती, नाही असं नाही, पण ती कुणी पावाची पिशवी घेऊन विधवेची गोष्ट न्यायला येत नव्हती.

"मग आपलं ते अ‍ॅप टाक ना त्यात," ओडालिस म्हणाली. "एलोइना देईल."

"ह्याच्यात असं कुणी देत नाही, आई. ह्याच्या दुकानातून घ्यावं लागतं. थांब, बघते आहे का तसलं काही." दायामीने दुकान उघडलं. दुकानाने कोड मागितला.

"मग दे कोड."

दायामीने ओठ चावला. "तो ओस्मानीच्या फोनवर गेला."

झालं होतं असं, की फोन ओस्मानीने घेतला होता, आणि सासूबाईंना त्रास नको म्हणून तिकडेच स्वतःच्या नावावर, स्वतःच्या नंबरावर सगळं चालू करून दिलं होतं. भला माणूस. इथल्या कितीतरी घरांत फोन असेच आले होते, नाव तिकडच्या लेकाचं आणि हात इकडच्या आईचा. त्यामुळे आता सासूबाईंना काही हवं झालं की कोड जावयाकडे जाणार. आणि जावई हायालिआच्या एका गोदामात कामाला. तिथे पाळी सुरू होताना फोन कपाटात बंद करून ठेवावा लागतो.

"म्हणजे मला काही घ्यायचं झालं तर जावयाची परवानगी," ओडालिस म्हणाली.

"परवानगी नाही गं, नुसता कोड."

"आणि जावई कपाटात."

"जावई नाही, फोन कपाटात!"

पडवी खो खो हसली. दायामीही हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि ओडालिसने ते पाहिलं. संध्याकाळी ओस्मानीने बिचाऱ्याने कोड कळवला, माफी मागत. तोवर कोडची मुदत संपली होती.

त्यानंतर फोनचा विषय घरात कुणी काढला नाही. तो पांढरा डबा मात्र कपाटावरून सगळ्यांकडे बघत होता. दायामी आईबरोबर युकाचे कंद सोलत होती, शाळेतल्या मैत्रिणींना भेटत होती, लिआनीला रोज स्वतःच्या लख्ख फोनवरून आजी दाखवत होती, आणि लिआनी ओरडत होती, "आजी! तुला तीळ आहे? गालावर?" ओडालिसने त्या रात्री आरशात तीळ पाहिला. होता खरा. पोरीला तीन वर्षांत दिसलाच नव्हता.

परत जायला एक दिवस उरला असताना, संध्याकाळी ओडालिस बादलीवर बसून एकोणिसावं प्रकरण वाचत होती. विधवेच्या जहाजाने बंदर सोडलं, कर भरला नाही म्हणून किनाऱ्यावरून तोफा डागल्या गेल्या, आणि तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "पुढचं उद्या," म्हणत ओडालिसने फोन साबणाच्या फळीवर ठेवला. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"आई, बाहेर ये. नाहीतर मी आत येते."

"ये. बसायला जागा नाही एवढंच."

दायामी आत आली आणि दार लावून त्याला टेकून उभी राहिली. "निल्दांचा फोन आला होता."

निल्दा म्हणजे विहीणबाई. राहायला प्लासेतासला. त्यांच्याकडे भिंतभर टीव्ही होता आणि तो चालू करायला त्या ओडालिस यायची वाट बघायच्या.

"काय म्हणतायत विहीणबाई?"

"विचारतायत, तुझ्या आईला तो फोन नको असेल तर..."

"त्यांना कसं कळलं मला नकोय ते? मलाच अजून कळलेलं नाही."

"आई, परवा माझं विमान आहे. आज सांग. वापरणार असलीस तर तुझा. नाहीतर उद्या मी प्लासेतासला नेऊन देते. ओस्मानीने स्वतःच्या आईला न देता तुला दिलाय. त्यावरून किती ऐकून घेतलंय मी."

"दोन्ही ठेवते. तुमच्याशी बोलायला तो, वाचायला हा."

"ब्लेंडर कुठेय?"

"कुठला ब्लेंडर?"

"मागच्या वर्षी पाठवलेला."

"आहे की."

"आहेच. डब्यात, टॉवेलात गुंडाळून, कपाटाच्या वरच्या फळीवर. बघितलाय मी. ह्याचंही तेच होणार. लाइट येतात जातात, तेवढ्यात तू एकच फोन चार्ज करणार, आणि कुठला ते मला माहितीये."

ओडालिस चिडली.

"मला जावयाच्या कोडवर चालणारा फोन नको. समोरच्या खिडकीत जन्मभर एक बाई सोसली मी, कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय. ती मेली तेव्हा फुलं घेऊन गेले, आणि घरी येऊन आधी पडदे काढून टाकले. आणि आता तू बघणार होय, नकाशावर, आई कुठे चाललीय ते?"

"मला काळजी वाटते म्हणून!"

"तीपण हेच म्हणायची."

"आणि हे सगळं कुणासाठी? कोण ऐकतं गं तुला? चार रिकामटेकडी म्हातारी माणसं! त्यांच्यापायी तू नातीला धुक्यात ठेवतेस?"

"त्या चार म्हाताऱ्यांनी मतं देऊन बसवलंय मला खुर्चीवर. तुला जा म्हणून कुणी मत दिलं होतं? गेलीस. मी अडवलं? शब्द बोलले? मग आता तिथे बसून माझ्या गळ्यात दोरी कशाला बांधतेस? मी काय कुत्रं आहे तुझं?"

नळ ठिबकत राहिला.

"मी तिथे काय करते, माहितीये तुला?" दायामी म्हणाली.

"क्लिनिकमध्ये..."

"क्लिनिक नाही. मी म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते, आई. घरोघर जाऊन. डायपर बदलते. एक आजी आहेत, त्यांना वाटतं मी त्यांची मुलगी. तिच्या नावाने मला हाक मारतात आणि मी ओ देते, काय करू? दिवसभर दुसऱ्याच्या आईची पाठ चोळायची, आणि घरी येऊन स्वतःच्या आईला फोन लावला तर दिसतं काय? धूर. नुसता धूर, आणि त्यातून तुझा आवाज. म्हणून आणला मी तो फोन. झालं तुझं समाधान?"

ओडालिस बादलीवरून उठली. लेकीच्या डोक्यावर हात ठेवेपर्यंत दायामी दार उघडून निघून गेली होती. ओडालिसने दिवा विझवला, फोन उचलून टेबलावर नेऊन ठेवला आणि ती तशीच जाऊन आडवी झाली. त्या रात्री दोघींपैकी कुणीही जेवलं नाही.

सकाळी ती पावाच्या रांगेत गेली. परत आली, कॉफी झाली, दायामी मैत्रिणीकडे केस कापायला गेली. मग एलोइना आली. नेहमीसारखी बोलत आली नाही, हे पहिलं लक्षण.

"ओडालिस," ती म्हणाली, "एकोणिसावं प्रकरण फार लांब झालंय गं."

"नेहमीएवढंच आहे."

"नाही. जहाज सुटल्यावर न्हाणीघर लागतं."

ओडालिसने हातातला कप खाली ठेवला. तिने फोन कानाला लावला. तोफा, बंदर, पुढचं उद्या. मग थाप. मग सगळंच, विहीणबाई, ब्लेंडर, कुत्रं, आणि मध्ये ठिबकणारा नळ. फळीवर ठेवताना तिने बंद करायचं बटण दाबलंच नव्हतं; ते दाबलं गेलं रात्री फोन उचलताना, नकळत. आणि तिच्या फोनला कुलूप नव्हतं. तो टेबलावर पडलेला असायचा आणि सकाळी, ती रांगेत असली तरी, येईल त्याने हवं ते घ्यावं, ही तिचीच रीत होती.

"कुणाकुणाला दिलंस?"

"मी? मी कुणाला देणार? फक्त भावाला. आणि सेवेरिनोला. आणि त्या केस कापणारीच्या बहिणीला, तिचं अठरावंही राहिलं होतं म्हणून."

"परत घे."

"परत कसं घेऊ? दिलंय ते."

ओडालिस घरातल्या चपलांवरच बाहेर पडली. सेवेरिनो झुलत्या खुर्चीत डोळे मिटून बसला होता, फोन कानाशी.

"कुठवर आलंय?" तिने धपापत विचारलं.

"तोफांपर्यंत. शूर बाई आहे हो."

"तिथेच थांबवा. पुढचं पुसून टाका, सेवेरिनो. माझ्यासाठी."

"टाकतो की," म्हातारा म्हणाला. मग जरा चाचरला. "पण बस गेली, वाचकबाई. रेमेदिओसची."

ती कारखान्याच्या दारापर्यंत गेली, आणि आतून पाती वाजताना ऐकून तशीच मागे फिरली. काय ऐकून वाजवतायत, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. प्रकरणाला पुढे जाताना कुणाला विचारावं लागत नाही, म्हणून तर तिला ही रीत आवडायची; आता मागे बोलावायलाही कुणाला विचारता येत नव्हतं.

आणि कामाहुआनी म्हणजे कामाहुआनी. इथलं माणूस जन्मतःच एक तर बेडकांच्या बाजूचं असतं किंवा बोकडांच्या. मार्चमधल्या जत्रेत दोन्ही बाजू आपापले देखावे काढतात, फटाके उडवतात आणि वर्षभर एकमेकांना हिणवतात. जत्रा तोंडावर आलेली, अंगात जोर भरलेला. ओडालिस चौकातून घरी वळेपर्यंत गावाने वाटणी करून टाकली होती. बेडूक लेकीच्या बाजूने, बोकड आईच्या.

"वाचकबाई, झुकायचं नाही!" एक जण सायकलवरून ओरडला. ओडालिस स्वतः जन्माची बोकड. पण त्या क्षणी चप्पल काढून त्याला मारावी, असं तिला वाटलं.

घरी दायामी बॅग भरत होती. अर्धेच केस कापलेले होते, उजवीकडचे लांब होते.

"माहितीये तुला, मला काय विचारलं एकीने?" ती वर न बघता म्हणाली. "म्हणे, डायपर बदलायला तिकडे किती वर्षं शिकावं लागतं गं? शाळेत माझ्या वहीतून उतरवायची ती. सगळ्या हसल्या. तीन वर्षं मी ह्या गावात क्लिनिकवाली होते, आई. तेवढं एक ठेवलं होतं मी माझ्यासाठी."

"चुकून राहिलं गं. बटण..."

"हेच ना ते? कुणाला विचारावं न लागणारं? छान आहे."

ओडालिस पलंगाच्या कडेला बसली. मग ती उठली, कपाटावरचा पांढरा डबा काढला, आतला फोन हातात घेतला.

"घेते मी हा. आजपासून हाच. तो दुसरा आत्ताच्या आत्ता एलोइनाला देते."

दायामीने पहिल्यांदा वर पाहिलं. "का?"

"माझ्यामुळे तुझी शोभा झाली."

"म्हणजे दंड भरतेस." दायामीने हातातला टी-शर्ट बॅगेत आपटला. "सुट्ट्या मोडून जास्तीच्या पाळ्या केल्या मी ह्याच्यासाठी, आणि तू तो दंड म्हणून घेणार? पडेल तोंडाने? त्यापेक्षा निल्दांना देते, त्या निदान घरभर नाचतील तरी. हवा असेल तर घे, आई. नको असेल तर तोंडावर सांग. रडका चेहरा करून माझ्यावर उपकार करू नकोस."

ओडालिसने हातातल्या फोनकडे पाहिलं. त्याच्या काळ्या काचेत तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता, तीळसुद्धा. लिआनीला हा चेहरा दिसला असता. रोज. पोर आता भराभर वाढणार, तिचे दात पडणार, नवे येणार, आणि धुक्यातल्या बाईशी ती किती दिवस बोलेल, कुणी सांगावं. हे सगळं तिने मनात नीट मांडून पाहिलं. कशाचंही वजन कमी केलं नाही. मग दुसऱ्या बाजूला बादली, पडवी, आणि कुणाच्या तरी खिशातून येणारा आपला आवाज ठेवला.

"नको," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. मला वाईट वाटतंय, लिआनीसाठी तर रोज वाटेल. पण नको. मी ज्यांना वाचते त्यांच्या हातात हा जात नाही, आणि मला कुणाकडे कोड मागत बसायचं नाही. तुझ्या नवऱ्याकडे नाही, तुझ्याकडेही नाही. तू चांगली आहेस म्हणून सुद्धा नाही."

दायामीने तिच्या हातातून फोन घेतला, डब्यात ठेवला, डबा पिशवीत टाकला. "कठीण बाई आहेस," ती म्हणाली, आणि दुपारच्या जीपने प्लासेतासला निघून गेली. दार तिने असं आपटलं की पलीकडून एलोइनाने विचारलं, "काय पडलं गं?"

"काही नाही. मी उभीच आहे," ओडालिस म्हणाली.

दायामी परतली तेव्हा उजेड अजून होता. पिशवी रिकामी होती. विहीणबाई नाचल्या का, हे ओडालिसने विचारलं नाही आणि दायामीनेही सांगितलं नाही. तिने हातपाय धुतले, काळा घेवडा कुकरला लावला आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहिली. जायच्या आदल्या दिवशी घेवडा-भात लागतोच. रागाचा त्याच्याशी संबंध नाही.

ओडालिस न्हाणीघरात गेली नाही. तिने पुस्तक घेतलं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खुर्ची ओढली, लेकीच्या पाठीमागे, हातभर अंतरावर. चष्मा लावला. फोन समोर उभा करून बटण दाबलं, आणि दाबलं गेलंय ना, हे वाकून पाहिलं.

"कामाहुआनीकरांनो," ती म्हणाली. कारखान्यात भोंगा वाजल्यावर लावायची तो आवाज तिने लावला. "हे विसावं प्रकरण आहे. आधी दोन गोष्टी सांगते आणि त्या कापून पुढे द्यायच्या नाहीत. पहिली. एकोणिसाव्याच्या शेवटी तुम्ही जे ऐकलंत ते माझ्या चुकीने गेलं. पुसून टाका म्हणणार नाही, कारण तुम्ही पुसणार नाही, मी ओळखते तुम्हाला. माझी मुलगी म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते. तिला कुणी मुलगी समजून हाक मारली तर ओ देते. ज्याला ह्यात हसू येतं, त्याने आपल्या आईची पाठ शेवटची कधी चोळली ते आठवावं, आणि माझं प्रकरण घ्यायला येऊ नये. त्याला मिळणार नाही. त्याला जो देईल, त्यालाही मिळणार नाही. एलोइना, हे तुलाही लागू आहे."

ओट्यापाशी चमचा वाजायचा थांबला.

"दुसरी. फोन मी घेतला नाही. बोकडांनी लगेच ढोल काढू नयेत, तुमच्यासाठी केलेलं नाही हे. आणि बेडकांनी मला शहाणपण शिकवायला दारात येऊ नये, दार लहान आहे. फोन चांगला होता. माझ्या मुलीने कष्ट करून आणला होता. मला नको होता. ज्यांना वाटतं मी मूर्ख आहे त्यांनी वाटून घ्यावं, आणि प्रकरण ऐकावं. चला. विधवा समुद्रात आहे, आणि पाणी संपत आलंय."

तिने पान उलटलं आणि वाचायला लागली. पहिला परिच्छेद झाला नाही तोच कुकरने सूर धरला. वाफ फुसफुसत, खडखडत, आख्खं स्वयंपाकघर भरून टाकत होती. ओडालिसने आवाज चढवला. कुकरनेही चढवला. ती थांबली नाही. वादळाचंच वर्णन चाललं होतं, तिने ते कुकरच्या वरताण वाचलं, मानेच्या शिरा ताणून.

दायामीने गॅस बंद केला. फडक्याने कुकर धरून तो उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवला आणि मधलं दार ओढून घेतलं. घेवडा अजून कच्चाच असणार. ती आत आली, टेबलाच्या दुसऱ्या टोकाची खुर्ची आवाज न करता उचलून मागे घेतली, आणि हातावर हनुवटी टेकून आईच्या तोंडाकडे बघत बसली.

ओडालिस वाचत राहिली.